पलीकडे पुरलेला थोरला

मासा कुठे मिळाला हे त्या बंदरावर कोणी खरं सांगत नसे. उत्तरेला गेलेली होडी दक्षिणेचं नाव घ्यायची. यात दोघे भाऊ सर्वांत बिलंदर. होडी भरून आली की लोक विचारत, "कुठे गेला होतात रे?" धाकटा म्हणे, "इथेच." लोकांनी त्याचं नावच 'इथेच' ठेवलं.

खरं म्हणजे एका वादळाने त्यांना रेटत थेट समुद्रापलीकडे नेलं होतं. तिकडे किनारा होता, माणसं होती, आणि मासा जाळं फाटेल इतका. दोघांनी कुणालाच पत्ता लागू दिला नाही. वारा तिकडचा सुटला की शीड उभारून जायचं, मासा तिथेच खारवून वाळवायचा, वारा फिरला की परत. थोरल्याच्या बायकोलाही सांगायचं नाही.

एका खेपेला थोरला तिकडे तापाने गेला. धाकटा एकटा परतला, उजवा खांदा कायमचा जायबंदी करून. धक्क्यावर पाय ठेवताच त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

"समुद्रापलीकडे? या होडीतून?" जाळी विणणारा म्हणाला. "इथेच, अरे आज तरी थापा मारू नकोस."

वहिनी तर उसळलीच. "कुठे ठेवून आलात त्यांना? दुसरं घर केलं ना त्यांनी? सांगा की सरळ!"

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. समुद्र सुटला. घरामागच्या छपरात तो दोर वळू लागला. दोराला दोन माणसं लागतात, एक पीळ देणारा, एक ताण धरणारा. तो दुसरं टोक खुंटीला बांधायचा. खुंटीला ताण सांभाळता येत नाही, म्हणून दोर मधेच गाठाळायचा. तो उलगडायचा, पुन्हा वळायचा. शेजारच्या खोलीतून वहिनी दुपारचं जेवण आणून ठेवायची आणि न बोलता जायची. दोघांचेही केस असे पिकले.

एका पावसाळ्यानंतर छपराचा खांब कलला. तो नव्याने रोवायला वहिनी फावडं घेऊन आली. तिचं खणणं बघून धाकट्याला राहवेना.

"वहिनी, वाळूत असा खड्डा धरत नाही. तोंड आधी रुंद घ्या. ओली वाळू लागली की मग खाली जा."

"मोठे आले शिकवणारे. तुम्ही कधी खणलात?"

"दादासाठी."

तिने फावडं थांबवलं नाही, म्हणून तो बोलत राहिला. "वल्ह्याने खणत होतो. ते मोडलं. मग शिंपल्याने. कडा सारख्या ढासळायच्या. तिथला एक म्हातारा कुदळीसारखं काहीतरी घेऊन आला. त्याची भाषा मला कळेना, माझी त्याला. तो वाळू सैल करायचा, मी उपसायचो. खांदा तिथेच गेला."

"खांदा वल्हवून गेला ना?"

"तो लोकांचा अंदाज. मला कोणी विचारलंच नाही."

"केवढा खणलात?"

"माझ्या छातीएवढा. तिकडे कुत्री फार."

फावडं थांबलं. वहिनी खड्ड्याच्या कडेला बसली.

"भावोजी, तुमच्या थापांत कधी कोणी दमायचं नाही," ती म्हणाली. "वारा आपोआप लागायचा, मासा आपोआप यायचा. हा खड्डा मात्र तुम्ही खणलाय."

एवढ्यासाठी तो इतकी वर्षं थांबला होता. कोणीतरी खरं मानलं की छातीवरचा भार उतरेल, असं त्याला वाटायचं.

"जेवण ठेवताना मी रोज मनात म्हणायचे, खोटारडा आहे मेला," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. आता उद्या काय म्हणू?"

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. कडेची कोरडी वाळू सुटून खड्ड्यात पडत होती. ती धरायला दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.