दिवा लावतंय कोण?

“महादेवमामा लिहिलं का?” नागनाथअप्पांनी विचारलं. ते तागडीत साबुदाणा तोलत होते. मी त्यांच्या केजच्या किराणा दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून पाहुण्यांची नावं लिहून घेत होतो. त्यांच्या लेकीचं, उमाचं लग्न ठरलं होतं आणि मंगलाष्टकं मला लिहायची होती.

मी केजच्या कॉलेजात मराठी शिकवत असे. एक कवितासंग्रह नावावर होता. आमच्याकडं कवी माणूस गावाला दोनच कामांसाठी लागतो, गॅदरिंगचं सूत्रसंचालन आणि मंगलाष्टकं. मंगलाष्टकात कविता थोडी आणि नावं फार. मामा, आत्या, चुलते, मेव्हणे, सगळे यावे लागतात. एखादा राहिला तर तो पंगतीला बसत नाही. शिवाय वृत्त सांभाळायचं असतं. वृत्त म्हणजे ओळीतल्या आखूड आणि लांब उच्चारांची ठरलेली चाल. दत्तात्रेय नावाचा माणूस त्या चालीत ओळीच्या सुरुवातीला आपोआप बसतो. महादेव मात्र ओळीच्या शेवटाकडंच मावतो. आणि शेवटाकडं बसायला कोणत्याच मामाला आवडत नाही.

हे काम मी वर्षानुवर्षं केलं. त्यात माझ्या वर्गातल्या मुलींची लग्नं पुष्कळ असायची. आधी तिची मंगलाष्टकं लिहायची, मांडवात अक्षता टाकायच्या, जेवून घरी यायचं आणि जूनमध्ये कॉलेज उघडलं की हजेरीतून तिचं नाव कमी करायचं. दोन्ही कामं माझीच. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मला फार काळ वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

उमा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी लेखनाचा वर्ग घ्यायचो. त्यात पाच-सहा जण येत. उमा सगळ्यांत कमी बोलायची, पण दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायला घेतलं की कोणाची गय करायची नाही.

लग्नाच्या आधी ती स्टाफरूमच्या दारात आली. म्हणाली, सासरे पाटोद्याचे आहेत, चन्नप्पा. बी-बियाण्यांचं दुकान आहे, राजकारणातही असतात. सुपारी फुटली त्या दिवशी अप्पांनी शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा चन्नप्पा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले होते, शिकू द्या की, कोण न्हाई म्हणतंय. एवढंच. नंतर त्यावर कोणी बोललं नाही.

“सर, चहावर बोललेलं चहाबरोबरच जातं,” ती म्हणाली. “तुम्ही ते मंगलाष्टकात घाला. मांडवात सगळ्यांसमोर झालं म्हणजे त्यांना फिरता येणार नाही.”

तिचं एकच वर्ष राहिलं होतं. ते गेलं की ती कायमची बारावी पास. हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी हो म्हणालो.

पण लिहायला बसलो आणि धीर सुटला. मांडवात वरपित्याला अडवल्यासारखं झालं तर? तो चिडला तर? नागनाथअप्पा मला पुन्हा दुकानाची पायरी चढू देतील का? मी पोरीच्या भल्यासाठी सावध राहतोय, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्याच गावात राहायचं होतं. शेवटी तिसऱ्या मंगलाष्टकाच्या मधल्या ओळीत मी लिहिलं की ज्ञानाचा दिवा दोन्ही घरी तेवत राहो. ओळ गोड होती. कोणाला लागणार नाही, आणि उमानं विचारलं तर दाखवता येईल.

आता आमच्या शनिवारच्या वर्गाचा एक नियम होता. कोणाचंही लिखाण दुसऱ्याच्या हातून तपासून घेतल्याशिवाय बाहेर जायचं नाही. माझंसुद्धा नाही. हा नियम मीच केलेला. त्या शनिवारी मी मंगलाष्टकं बाकावर ठेवली, तर उमानंच ती उचलली. तिनं दोनदा वाचली. मग पेन उघडलं आणि माझ्या त्या ओळीखाली रेघ मारली.

“सर, तुम्ही सांगता ना, वाक्यात कोण आणि काय करतो ते आलं पाहिजे?”

“हो.”

“मग इथं दिवा तेवतोय. लावतंय कोण?”

बाकीची पोरं हसली. मी पण हसलो. उमा हसली नाही.

ती पुढं म्हणाली की महत्त्वाची गोष्ट मधे पुरली की मेली, हेही मीच शिकवलंय. ओळ शेवटच्या मंगलाष्टकात हवी आणि नावानं सुरू व्हायला हवी. कारण मंगलाष्टकं कोणी ऐकत नाही. मांडवात सगळे गप्पा मारत असतात. माणूस फक्त स्वतःचं नाव ऐकतो.

“आणि तुझे वडील? त्यांना चाललं पाहिजे,” मी म्हणालो.

“अप्पांचं ध्यान तेव्हा आचाऱ्याकडं असतंय,” ती म्हणाली. “आणि सर, यात खोटं काय हाय? ते जे म्हटलेत तेच म्हणायचंय.”

त्या बाकावरच मी ओळ बसवली. चन्नप्पा हे नाव वृत्ताच्या सुरुवातीला असं बसलं की जणू त्यासाठीच ठेवलं होतं. ‘चन्नप्पा वदले, सुनेस अमुच्या विद्येस धाडू पुढे.’ उमानं बोटांवर उच्चार मोजले आणि मान हलवली.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. आमच्याकडं पहिली मंगलाष्टकं मावश्या, मैत्रिणी म्हणतात आणि शेवटचं कवीला म्हणायला लावतात. म्हणजे ती ओळ मलाच म्हणायची होती. आणि ऐन वेळी दिव्याची जुनी ओळ म्हणणं मला सहज शक्य होतं. दोन्ही पाठ होत्या. लग्नाच्या दिवसापर्यंत मी ती सोय सोडली नव्हती, हे लिहून ठेवतो.

मांडव भरला होता. त्या वर्षांत व्हिडिओ शूटिंगचं नवं खूळ आलं होतं. शूटिंगवाला डोळे दिपवणारा लाइट घेऊन सगळ्यांच्या तोंडावर फिरत होता. अंतरपाटाच्या एका बाजूला उमा, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली. मावश्यांचं म्हणून झालं. माईक माझ्याकडं आला. महादेवमामा कोणाशी तरी उसाबद्दल बोलत होते. नागनाथअप्पा खरोखरच भटारखान्याकडं बघत होते.

मी सुरुवात केली. त्या ओळीपाशी आलो तेव्हा उमानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. वर्गात ती दुसऱ्याची वही तपासताना बघायची, तसं.

मी चन्नप्पांचं नाव घेतलं.

ते सोयऱ्याशी बोलताना थांबले. ओळीतलं पुढचं त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा कपाळावर आठी आली. पण त्यांचं नाव शूटिंगवाल्यानंही ऐकलं होतं. तो गर्रकन वळला आणि लाइट थेट त्यांच्या तोंडावर टाकला. पाटोद्याकडची माणसं माना वळवून बघू लागली. चन्नप्पा राजकारणातले. लाइट पडल्याबरोबर त्यांचे हात आपोआप जोडले गेले आणि ते हसले. मी ‘सावधान’ म्हणालो. बँड वाजला.

जेवणं झाल्यावर ते मला शोधत आले.

“मास्तर, हे कावून घातलं?”

“तुम्ही सुपारीच्या दिवशी म्हटला होता म्हणे.”

“म्हणलं होतं. म्हणलेलं समदं माईकवर घेतेत व्हय?”

ते पान चघळत बघत राहिले आणि निघून गेले. नागनाथअप्पांची तक्रार वेगळीच होती. महादेवमामा रुसला होता. त्याचं नाव शेवटाकडं का, असं विचारत होता.

त्यानंतर दोन महिने मी धास्तावून होतो. सासरी तिला बोलणी बसत असतील, असं वाटायचं. विचारायला कोणाच्या दारी गेलो नाही.

जूनमध्ये चन्नप्पा कॉलेजात आले. मागं उमा, डोक्यावर पदर. टी.सी. हवा होता, म्हणजे इथलं नाव काढून पाटोद्याला प्रवेश घ्यायचा दाखला.

“ती कॅसेट हाय ना लग्नाची,” चन्नप्पा खुर्चीत बसत म्हणाले, “पाव्हणा आला की घरचे लावतेत. माझं हात जोडलेलं आलं की जो तो मला इचारतो, अप्पा, सून कॉलेजला कधी? आता किती जणांला तोंड देऊ? म्हणलं जाऊ द्या. तुमी लई बेणं हाय, मास्तर.”

मी उमाकडं बघितलं. बेणं मी नव्हतो, पण तिनं डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं.

दाखला घेऊन ती दोनदा वाचत उभी राहिली. सासरे जिना उतरायला लागले तेव्हा म्हणाली, “सर, शनिवारचा नियम तुमच्यासाठी ठेवा. बाकीच्यांना तेवढी गरज नाही.”

ते गेल्यावर मी हजेरी काढली आणि दरवर्षीसारखं एका लग्न झालेल्या मुलीचं नाव कमी केलं. शेरा मात्र पहिल्यांदा वेगळा लिहिला, ‘पाटोद्यास प्रवेश’.

मंगलाष्टकं मी पुढंही लिहीत राहिलो. फरक इतकाच पडला की आमच्या भागातले वरपिते लग्नाआधी शेवटचं मंगलाष्टक वाचायला मागू लागले. शिकायचं असेल त्या पोरीची ओळ त्यात ठेवूनच मी देत असे. निदान वाचून तरी त्यांना कळायचं की पोरीला शिकायचंय.