आनि म्हणजे नाही

‘‘रिपोर्टमध्ये ऑपरेटर एरर लिहा आणि क्लोज करा,’’ जीएम साहेब म्हणाले. ‘‘कोरियन इंजिनिअर नो, नो ओरडून राहिला होता आणि आपला फिटर बोल्ट पिळूनच राहिला होता. अजून काय पाहिजे, बक्षी मॅडम?’’

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. लाइन बंद पडून दोन तास झाले होते. खाली शॉप फ्लोअरवर निमजे, म्हणजे तो फिटर, पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर एकटाच बसलेला होता. त्याच्या शेजारी कोणी बसायला तयार नव्हतं.

आधी मशीनबद्दल सांगते. आमच्या कारखान्यात प्लास्टिकची फिल्म बनते. बिस्किटाच्या पुड्याला, वेफर्सच्या पाकिटाला जे पातळ प्लास्टिक असतं, ते. वितळलेलं प्लास्टिक एका लांब फटीतून बाहेर पडतं, त्या भागाला डाय म्हणतात. घरचा शेवेचा सोऱ्या आठवा. फक्त भोकांच्या जागी एक सरळ फट, माणसाच्या उंचीहून लांब. फटीच्या कडेला लिप, म्हणजे ओठ, आणि ओठावर ओळीनं बोल्ट. बोल्ट पिळला की तेवढ्या जागी ओठ दाबला जातो आणि फिल्म पातळ होते. हे काम पाव-पाव फेऱ्याचं आहे. जास्त पिळलं तर ओठ वाकतो, आणि वाकलेला ओठ सरळ होत नाही. आमचा सतरा नंबरच्या बोल्टखाली वाकला होता.

लाइन कोरियाहून आलेली, कोरी करकरीत. तिच्याबरोबर पार्क साहेब आले होते, मशीन बसवून चालू करून द्यायला. पन्नाशीचा, शांत माणूस. इंग्रजी अगदी मोजकं. कंपनी पुण्याहून दुभाषी बोलावणार होती. मीच म्हणाले, ‘‘गरज नाही, मला कोरियन येतं.’’

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं.

मी प्रोजेक्ट्स बघते. ही लाइन येणार हे वर्षभर आधी ठरलं, तेव्हाच मी कोरियन शिकायला घेतलं. क्लास नाही, गुरू नाही. प्रताप नगरहून निघणारी कंपनीची बस हीच माझी शाळा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. लिपी दोन रविवारांत आली. ती भलतीच शिस्तशीर आहे. अक्षरं ठोकळ्यांसारखी रचायची, काना-मात्रांची सवय असलेल्या माणसाला काही जड नाही. मग एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात तीन धडे फक्त एवढंच समजावण्यात घालवले होते की कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं. अहो, आमच्याकडेही शेवटीच येतं! ‘घरात’मधला ‘त’ जसा नामाला मागून चिकटतो, तसेच त्यांचे प्रत्ययही मागूनच चिकटतात. ते तीन धडे मी एका सकाळी उरकले आणि स्वतःवर फार खूश झाले.

त्रास फक्त ‘क’चा झाला. त्यांचे ‘क’ तीन, एक मऊ, एक श्वासाचा आणि एक घट्ट आवळलेला. बसमध्ये मी हे तिन्ही ‘क’ पुटपुटत बसायची. शेजारच्या अकाउंट्सच्या बाईंनी एकदा काळजीनं विचारलंही, ‘‘घसा बसला का वं तुमचा?’’

माझी भाची मधुरा कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. ती कोरियन मालिका बघते. ती म्हणायची, ‘‘मावशी, पुस्तक ठेव बाजूला, मालिका बघ.’’ मी म्हणायची, ‘‘मला कामापुरतं शिकायचंय. रडारड शिकायची नाही.’’ मी माझी पद्धत ठरवून टाकली होती. पुस्तक, शब्दांची वही आणि रेकॉर्डिंग. पार्क साहेब आल्यावर त्यांना विचारून मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू लागले. बसमध्ये ते कमी स्पीडवर ऐकायचं, अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा. पद्धत चांगलीच आहे. आजही कोणी विचारलं तर मी हीच सांगते.

डायच्या कामात एक अडचण होती. फिल्मची जाडी दाखवणारा स्क्रीन लाइनच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पार्क साहेब. डायवर निमजे. मध्ये मशीनचा गोंगाट. वॉकीटॉकीवर लांब वाक्यं कळत नव्हती. दोन शब्द हवे होते, एक ‘अजून पिळा’साठी आणि एक ‘थांबा’साठी. पार्क साहेब आठवडाभर आमच्या कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खात होते. वाढणाऱ्या काकू डाव उचलून विचारायच्या, ‘‘आनि?’’ म्हणजे अजून वाढू का, आणि पार्क साहेब हात आडवा धरून म्हणायचे, ‘‘बस!’’ म्हणजे दोन्ही शब्द त्यांना तोंडपाठ होते. मी म्हटलं, हेच ठेवू. आनि म्हणजे पिळा. बस म्हणजे थांबा. सगळे हसले. पार्क साहेबही हसले, कोरियनमध्ये भराभरा काही बोलले, मी मान डोलावली आणि काम सुरू झालं.

पाच दिवस ही पद्धत झकास चालली. सहाव्या दिवशी ओठ वाकला.

जीएम साहेबांच्या केबिनमधून मी खाली गेले. निमजे उठून उभा राहिला. हा देविदास निमजे नंदनवनचा. घरचे मूळ उमरेडचे, वडिलांपर्यंत घरात हातमाग होता. बोटांना जाडी कळणं त्याच्या घरातच असावं, कारण डायवर त्याच्याइतका हलका हात आमच्याकडे कोणाचाच नव्हता. अकरा वर्षं तो कॉन्ट्रॅक्टवर होता. त्याच महिन्यात त्याचं पर्मनंटचं पत्र निघणार होतं. फाइल जीएम साहेबांच्या टेबलावरच होती. रिपोर्टमध्ये ऑपरेटर एरर गेलं असतं तर ती फाइल तिथूनच परत फिरली असती, आणि बहुतेक निमजेही.

‘‘काय झालं, नीट सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘मॅडम, मी माह्या कानानं ऐकलं. पार्क साहेब आनि, आनि, आनि म्हनून राहिले होते. जोरजोरानं. म्या म्हटलं, साहेबाले घाई आहे. म्हनून दोन फेरे दाबून पिळले.’’

‘‘बस म्हणाले नाहीत?’’

‘‘एकडाव बी नाही. बस म्हनले असते तं मी थांबलो नसतो का? मी काहून पिळत बसीन?’’

पार्क साहेब स्क्रीनजवळ डोकं धरून बसले होते. मला पाहून इंग्रजीत म्हणाले, ‘‘आय से नो. मेनी टाइम, नो.’’

दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती. मला काही उलगडा होईना. मी रिपोर्ट टाइप केला, ऑपरेटर एररच्या रकान्यात निमजेचं नाव घातलं आणि सही उद्यावर ढकलली. ही माझी हुशारी नव्हती, चालढकल होती.

सकाळी चहा घेताना मधुराला सहज सांगितलं. एक म्हणतो मी नो म्हटलं, दुसरा म्हणतो आनि ऐकलं. तिनं कप खाली ठेवला आणि हसत सुटली.

‘‘मावशी, आनि म्हणजेच नाही! कोरियनमध्ये! मालिकेत दर दोन मिनिटांनी कोणी ना कोणी ओरडतं, आनि, आनि!’’

‘‘नाही म्हणजे आनियो,’’ मी म्हटलं. माझ्या वहीत तसंच होतं, पहिल्याच पानावर.

‘‘ते अदबीनं. घाबरलेला माणूस कशाला अदबीनं ओरडेल?’’

खरंच होतं तिचं. पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस आमच्या इतवारीच्या बाजारात येऊन ‘का’च्या जागी ‘काहून’ ऐकेल तर असाच गोंधळून उभा राहील. माझं पुस्तक सगळं आदरार्थी बोलायचं. त्यात कोणी कधी घाबरतच नव्हतं.

बसमध्ये बसले तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. शब्द ठरवले त्या दिवशी पार्क साहेब हसून काहीतरी बोलले होते. ते रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. गप्पाटप्पा समजून मी ते परत ऐकलंच नव्हतं. आता ते सगळ्यात कमी स्पीडवर लावलं. कानावर आलं ते असं. आमच्या भाषेत आनि म्हणजे नो. काम करताना... आणि पुढे एक शब्द, ‘हेत्कल्लिदा’सारखा काहीतरी. तो मला माहीत नव्हता. डिक्शनरीत टाइप केला. गोंधळ होणे. काम करताना गोंधळ होणार नाही ना?

त्यानंतर माझा आवाज. छान, ठसठशीत उच्चार. ‘‘ने, ने. क्वेंचानायो.’’

हो, हो. काही हरकत नाही.

मी ते तीनदा ऐकलं. माणसानं मला स्पष्ट विचारलं होतं. मला ओ की ठो कळलं नव्हतं. आणि वर्षभर शिकलेली भाषा येत नाही असं दिसू नये म्हणून मी ‘ने’ म्हटलं होतं. रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. फोनमध्ये डिलीटचं बटण कुठे असतं हेही मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, बोट दोनदा त्यावर गेलं. दुसऱ्यांदा मागे घेतलं ते कूलरजवळच्या बाकावर निमजेच्या शेजारी रिकाम्या राहिलेल्या जागेमुळे.

जीएम साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं. पार्क साहेबांना वर बोलावून अर्थाची खात्री करून घेतली. मग पेनला टोपण लावलं.

‘‘तुम्ही कशाला अंगावर घेता? निमजेचं पुढच्या वर्षी बघू.’’

‘‘त्याला दिलेल्या शब्दावर त्यानं बोल्ट पिळला. शब्द मी दिला होता. ऑपरेटर बरोबर होता, साहेब.’’

‘‘मग एरर कोणाची लिहायची?’’

‘‘दुभाष्याची.’’

‘‘दुभाषी कुठे होता आपल्याकडे?’’

‘‘तेच लिहायचंय,’’ मी म्हटलं.

निकाल सांगते. नवा ओठ कोरियाहून येईपर्यंत लाइन बंद राहिली. मला लेखी ताकीद मिळाली, ती फाइलला लागली आहे. पुण्याहून दुभाषी आला. डायच्या कामाला शब्द बंद झाले. पार्क साहेबांच्या हाती हिरवा आणि लाल असे दोन दिवे आले. निमजेचं पत्र त्याच महिन्यात निघालं.

पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. पेढ्याचा पुडा पुढे केला. मी त्याला सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगसुद्धा. वाटलं, चिडेल. त्यानं नीट ऐकून घेतलं.

‘‘समजलं नव्हतं तं पुसाचं ना, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘मी तं दहादा पुसतो. लोक हासतात, हासू द्या.’’

मी अजून कोरियन शिकते. पुस्तक तेच, बस तीच. संध्याकाळी मधुराबरोबर मालिकेचा एक भाग. त्या पुस्तकात ‘ने’ पहिल्या धड्यात आहे आणि ‘मोरुगेस्सोयो’, म्हणजे ‘मला कळलं नाही’, नवव्या. मी माझ्या प्रतीत पेन घेऊन त्या दोन धड्यांचे नंबर आपसांत बदलले आहेत.