व्याह्यांच्या परसातली कॉफी

माझ्या हातून आयुष्यात चुका फार कमी झाल्या, आणि त्याचं सगळं श्रेय काही न करण्याला आहे. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात जन्म काढलेल्या माणसाला स्वतः काही करावंच लागत नाही. आलेलं पुढे सरकवायचं, एवढंच. निवृत्तीनंतर एकदाच मी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. त्याचं काय झालं ते सांगतो. चहा गार होऊ देऊ नका, पण तोंडात घोट धरून ऐकूही नका. टेबलक्लॉथ नवा आहे.

आमची मधुरा बंगळुरूला नोकरी करते. तिने तिकडे आपलं लग्न आपणच जमवलं. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाचे वडील शेषगिरीराव चिकमगळूरकडचे. नोकरी बेळगावात झाल्यामुळे मराठी उत्तम बोलतात. आता फक्त दोन्हीकडच्या आईवडिलांची भेट व्हायची होती, आणि शेषगिरीराव सपत्नीक रविवारी आमच्याकडे पनवेलला जेवायला येणार होते.

मधुराचा फोन आला. "बाबा, एक लक्षात ठेवा. त्यांच्या घरात कॉफी म्हणजे देव आहे. तुमच्यासारखं बरणीतली पावडर चमच्याने ढवळून पुढे करू नका."

"मग काय करू? झाड लावू?"

"मी मशीन पाठवतेय. घरच्या घरी कॉफी भाजायचं. आणि शेषगिरीकाकांनी स्वतःच्या परसातल्या झाडांच्या कच्च्या बिया दिल्यात तुमच्यासाठी. त्याच भाजून त्यांना द्या. केवढे खूश होतील! बाबा, प्लीज, एवढं एकच नीट करा."

'एवढं एकच' या शब्दांत मुलीचा बापावरचा किती विश्वास असतो, ते बापांनाच कळतं.

मशीन आलं. काचेची एक बुटकी बरणी, आत गोल फिरणारं पातं, बाजूला फोलपटं साठायला एक डबी. माहितीपुस्तक मी परिपत्रक वाचतात तसं वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. एव्हाना कॉफी भाजण्यातलं मला सगळं कळलं होतं. फक्त कॉफीची बी तेवढी मी कधी पाहिली नव्हती.

त्यात आमच्या हिच्या उरणच्या बहिणीकडे लग्न निघालं. हळदीला जाणं भाग होतं. जाताना दारात उभं राहून तिने फर्मान सोडलं.

"अहो, रविवारी वालाचं बिरडं करायचंय. ताईने नवे कडवे वाल पाठवलेत, टेबलावर पिशवीत आहेत. रात्रभर भिजवा, मग उपसून फडक्यात घट्ट बांधा. मोड आले पाहिजेत. मी रविवारी सकाळी येऊन सोलते. जमेल ना?"

"मी कार्यालय सांभाळलंय," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतेय."

आता टेबलावर दोन पिशव्या होत्या. दोन्ही कापडी, दोन्ही हाताने शिवलेल्या, दोन्हींची तोंडं सुतळीने आवळलेली. एक उरणहून आलेली, दुसरी मधुराच्या मैत्रिणीने बंगळुरूहून आणून दिलेली. तुम्ही म्हणाल, अहो, वाल ओळखता येत नाहीत? पनवेलकर ना तुम्ही? आहे ना पनवेलकर! वाल जन्मभर खाल्ले. पण ते सोललेले, शिजलेले, वर ओलं खोबरं पेरलेले, पानात वाढलेले. कोरडा, सालासकट वाल माझ्यासमोर कधी रीतसर सादरच झाला नव्हता.

मी पहिली पिशवी उघडली. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, 'बी कठीण असते, रंग फिकट असतो व एका बाजूस ठळक रेघ असते.' दाणा उचलला. कठीण? कठीण. फिकट? फिकट. रेघ? अहो, कडेला अशी पांढरीशुभ्र रेघ, की वा! आता, पहिल्याच अर्जात सगळ्या अटी पूर्ण होत असतील तर दुसरा अर्ज उघडायचा कशाला? पहिली पिशवी कॉफीची ठरली. उरलेली आपोआप वालांची.

ती उरलेली पातेल्यात रिकामी केली आणि वर पाणी ओतलं. प्रकरण निकाली!

दुसऱ्या दिवशी गॅलरीत मशीन मांडलं, दाणे आत टाकले, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. जरा वेळाने फोलपटं सुटायला लागली. पुस्तकात लिहिलंच होतं, फोलपटं सुटतील. इथे तर सबंध सालंच सुटली, डबी भरून वाहायला लागली. माल अस्सल असणार! मी मधुराला फोन लावला.

ती कुजबुजली, "मीटिंगमध्ये आहे, पटकन बोला. वास कसा येतोय?"

"फुटाण्यांसारखा."

"बरोबर! आधी तसाच येतो. आता पहिली तडतड ऐका. दाणे फुटल्याचा आवाज येईल."

मी कान लावला. फट्! एक दाणा काचेवर आपटला. फट्! फट्!

"झाली! तडतड झाली!"

"बाबा, यू आर अ नॅचरल!" ती म्हणाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी आणखी थोडं भाजलं.

तेवढ्यात खालून हाक आली. तळमजल्यावर आमचे दामूशेठ राहतात. मूळचे इथल्याच गावातले, भातशेतीवाले. आता त्यांच्या शेतावर इमारती उगवतात, पण दर थंडीत मित्रांना गोळा करून ते पोपटी लावतात. म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून वर जाळ करायचा.

"काय साहेब! घरात पोपटी लावली काय? आमाला हाक नाय मारली ती!"

"कॉफी भाजतोय, दामूशेठ," मी कठड्यावरून जरा वरच्या पट्टीत सांगितलं. "चिकमगळूरची आहे."

"कुठची बी असूं दे. वास वालाचा हाय!"

मी हसलो. दया आली हो मला. म्हटलं, माणसाच्या नाकाला सवय नसली की असं होतं. तुम्ही हसू नका, अजून पुढचं ऐकायचंय.

संध्याकाळी हिचा उरणहून फोन.

"फडक्यात बांधलेत ना? मोड आले?"

"बांधलेत. मोड नाहीत अजून."

"भिजले तरी आहेत का नीट? नख लावून बघा."

"नख लागत नाही. हट्टी आहेत."

"पाणी कसलं होतं ते? विहिरीचं होतं की टँकरचं?"

"पाणी हिरवट झालं होतं."

"हिरवट?" तिकडे हळदीची गाणी चालली होती. तिला नीट विचार करायला उसंत नसावी. "थंडी आहे म्हणून असेल. ऊब द्या जरा."

मी ऊब दिली. पुरचुंडीला माझा मफलर गुंडाळला आणि ती इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवली. सकाळी उघडून पाहिली, मोड नाहीत. मग वरून बायकोची शाल घातली. लहानपणी मधुराला ताप आला होता तेव्हाही मी इतक्या वेळा उठून पाहिलं नसेल.

रविवार उजाडला. हिचा फोन आला, निघालेय म्हणून. आणि ती पोचायच्या आत पाहुणे दारात! गाडी वेळेआधी आली म्हणे. आपल्याकडे गाड्या नेमक्या कधी वेळेआधी येतात, यावर एकदा कुणीतरी संशोधन केलं पाहिजे.

शेषगिरीराव उंच, पांढरी मिशी, भारदस्त. विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या डोळ्यांच्या. बसले, पाणी झालं, प्रवासाची विचारपूस झाली. मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि आदल्या दिवशीच मिक्सरमधून काढून ठेवलेली ती काळीभोर पूड उकळत्या पाण्यात घातली. गाळली. दूध, साखर. ट्रे घेऊन मी वरमाईसारखा मिरवत बाहेर आलो.

"ओळखा पाहू!" मी म्हणालो. "तुमच्याच परसातली आहे. या हातांनी भाजलीय!"

शेषगिरीरावांचा चेहरा फुलला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. डोळे मिटलेलेच राहिले. मला वाटलं, तंद्री लागली.

मग डोळे उघडून ते म्हणाले, "आमच्या झाडाची?"

"तुमच्याच!"

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग बायकोकडे पाहिलं. तिने आपल्या कपात पाहिलं. दोघं कानडीत काहीतरी हळू बोलले. कानडी मला येत नाही, पण डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून बोलतात ना, तो सूर होता.

"पाण्याचा फरक पडत असंल की," शेषगिरीराव म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पुस्तक वाचलेला माणूस गप्प बसतो का? मी सुरू झालो. "आधी किंचित कडवटपणा जाणवतो पाहा. मग मातीचा गंध. आणि शेवटी घशात जो भरीवपणा उतरतो ना, तो फार थोड्या कॉफींमध्ये सापडतो."

"भरीव हाय खरं," विहीणबाई म्हणाल्या. "खाली बसतंय."

मी त्यांना दुसरा कप आणला. शेषगिरीरावांनी तोही घेतला. आमच्या मधुराच्या सुखासाठी त्या माणसाने त्या दिवशी जे सोसलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

एवढ्यात ही आली. नमस्कार-चमत्कार करून घाईने आत गेली, आणि क्षणात आतून आवाज आला.

"अहो! मफलरमध्ये काय बांधून ठेवलंय हे?"

"वाल!"

"कुणी सांगितलं हे वाल आहेत म्हणून?" ती पुरचुंडी हातात घेऊनच बाहेर आली. फडकं उघडलं. आत फुगलेले, हिरवट, ओले दाणे.

शेषगिरीराव ताडकन उठले. एक दाणा उचलला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "अहो, ही तर आमची कॉफी की!"

सगळ्यांच्या नजरा सावकाश त्यांच्या हातातल्या कपाकडे वळल्या.

"मग मी प्यालो ते काय?"

हिने तो कप घेतला आणि नाकाजवळ नेला. या बाईचं माहेर उरणचं. तिला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

"वाल," ती म्हणाली. "कडवे."

भूमीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मधुराचं लग्न डोळ्यांसमोरून सरकताना दिसलं. बापाने एकच काम करायचं होतं हो, एकच!

आणि शेषगिरीराव मटकन खुर्चीत बसले. "देवा, सुटलो! मला वाटलं आमची झाडंच बिघडली. यंदा सगळ्या पाहुण्यांना हीच कॉफी दिलीय की! आता प्रत्येकाला फोन करून माफी मागायची कशी, ह्याचा विचार करत दुसरा कप संपवला मी!"

विहीणबाईंना हसू आवरेना. त्या हसल्या, मग ही हसली, मग शेषगिरीराव मिशीवर हात धरून हसायला लागले. मीही हसलो, पण परवानगी मिळाल्यावर. हिने तळमजल्यावर धाव घेतली. दामूशेठच्या घरी सोललेले वाल तयारच होते. भांडं हातात देताना ते जिन्यापर्यंत ऐकू येईल असं म्हणाले, "साहेबांना सांगा वैनी, माजं नाक नाय चुकत!" बिरडं झालं. पाहुणे मागून मागून जेवले. भर पंगतीत मधुराला फोन लावून बातमी देण्यात आली. ती इतकी हसली की शेवटी फोन तिच्या मैत्रिणीने घेतला. लग्नाची तारीखही त्याच दिवशी ठरली.

निघताना विहीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. "ती पूड उरलीय काय हो?"

मी चपापलो. "आहे डबाभर. का?"

"ह्यांना डॉक्टरनी कॉफी बंद करायला सांगून वर्ष झालं. ऐकत नाहीत बघा. तुम्ही भाजलेली दोन कप मुकाट प्याले की! द्या तो डबा मला."

दिला. तेव्हापासून दर महिन्याला माझ्याकडून एक डबा चिकमगळूरला जातो. ज्या गावाने साऱ्या देशाला कॉफी पाजली, तिथे मी पनवेलहून वाल भाजून पाठवतो.

परवा शेषगिरीरावांचा फोन आला. आवाज अगदी दबका. "व्याहीबुवा, घरात कोणी नाही म्हणून बोलतोय. तुमचं ते मशीन कधी बिघडत नाही काय हो?"

"नाही हो. चांगलं दणकट आहे."

"मग तुमची तब्येत तरी कशी हाय?" त्यांनी आशेने विचारलं.