कात्रीकाकांची क्रोटन

गल्लीत त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी एकाच खुर्चीमागे उभं राहून लोकांचे केस कापले. दुकानाला लागूनच घर, आणि घरापुढच्या अंगणात बायकोची कुंड्यांतली क्रोटनची झाडं. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, पण एकाच झाडावर पिवळी, शेंदरी, लालभडक पानं. काकू वीतभर फांदी कापायच्या, चीक पुसायच्या, वाळू मिसळलेल्या मातीत खोचून महिनाभर सावलीत ठेवायच्या. मग ऊन. उन्हाशिवाय याला रंग चढत नाही, असं त्या सांगत. शेंडा खुडला की झाड दाट होतं, हेही काकांना त्यांनीच शिकवलं. वर म्हणाल्या होत्या, "तुमच्या गिऱ्हाइकांच्या डोक्याचं तेवढं असं होत नाही."

साठी उलटली आणि काकूंना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावं, मग गॅसवरचं दूध. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

एका सकाळी काका दुकानातून डोकावले, तर काकू अंगणात उकिडव्या बसून रंगीत पानं खुडत होत्या. हिरवी तेवढी ठेवलेली.

"अगं, हे काय करतेस?"

"रोग पडलाय. बघा ना, सगळी पिवळी पडलीत."

काकांनी परोपरीनं समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलीच्या सांगण्यावरून त्यांनी कुंड्या गच्चीवर नेल्या, तर काकू दिवसभर रिकाम्या अंगणात हात चोळत फिरल्या. संध्याकाळी काकांनी कुंड्या मुकाट्यानं खाली आणल्या.

मग त्यांनी स्वतःच फांद्या लावायला घेतल्या. मागच्या दारी बारा कुंड्या झाल्या. पुढची झाडं ओरबाडून झाली की ती मागे, मागची पुढे. काकू खुडत राहिल्या. चिकानं त्यांच्या बोटांवर पुरळ यायचं, म्हणून दुकान बंद केलं की काका साबणानं त्यांचे हात धुवायचे. तेवढा वेळ त्या शांत बसायच्या.

अशाच एका संध्याकाळी काकूंनी हात हळूच सोडवून घेतला. म्हणाल्या, "आता तुम्ही निघा. घरी तुमची मंडळी वाट बघत असतील."

काकांनी टॉवेल खाली ठेवला, पुढच्या दारानं बाहेर पडले आणि पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी मागच्या दारानं आत आले.

"आलात?" काकू म्हणाल्या. "आत्ताच कुणीतरी भला माणूस येऊन गेला."

त्यानंतर काका कितीतरी संध्याकाळी असेच एका दारानं गेले आणि दुसऱ्या दारानं आले. मग एक दिवस काकूंनी "आलात?" म्हणणंही सोडलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं.

अंगणात आता पान खुडायला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत झाडं रंगांनी अशी भरली की येणारे-जाणारे थांबून बघत.

"काका, झाडं काय सुरेख ठेवलीत हो," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

"हं," काका म्हणाले. त्यांनी त्याची मान सरळ केली, अंगणाकडच्या खिडकीचा पडदा ओढला, आणि उरलेले केस अंदाजानंच कापले.