कुलपामागची घरं

रावहिया पाहणीच्या कामात मुरलेली होती. नाईलच्या मुखाकडच्या गावांतून ती दारोदार फिरे आणि तिची गाडी मी चालवी. कुठल्या घरी जायचं ते कैरोच्या कचेरीत सोडत काढून ठरे. ठरलेलं घर ती कधीच बदलत नसे, मग दारात कुत्रं असो की खाष्ट सासू.

त्या उन्हाळ्यात कफ्र नुवैरला यकृताच्या आजाराची पाहणी होती. गाव सांडपाण्याच्या कालव्याकाठी. आजार बराच निघाला तर नळाचं स्वच्छ पाणी मिळणार होतं.

पहिल्याच गल्लीत सोडतीतल्या घराला कुलूप. शेजारची म्हातारी नईमा बाहेर आली.

"शुक्रीला इस्पितळात नेलंय, बायको उशाशी बसलीय. तू माझ्याकडे ये की! मी ठणठणीत आहे, चहा पाजते."

"चहा घेईन, खाला. पण पाहणीत तुझं घर नाही धरता यायचं."

"अगं, हे घर काय नि ते काय, सारखंच!"

"सारखं असतं तर त्याला कुलूप का असतं?"

पुढच्या गल्ल्यांतही तेच. संध्याकाळी पाहणीचे प्रमुख मुरादसाहेब वैतागले. "बंद असेल तर शेजारचं घर घे आणि काम संपव."

"साहेब, आजारी माणसंच घरी नाहीत. उघडी दारं धडधाकटांची आहेत."

"शितावरून भाताची परीक्षा होते, बाई."

"वरचंच शीत उचललं तर तळाला करपलंय ते कळणार कसं?"

साहेब हसले. "स्वयंपाक बरा करत असशील!"

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडी इस्पितळाकडे घ्यायला लावली. शुक्री पिवळाजर्द पडला होता. खाटेशी बसून तिने त्याला सगळे प्रश्न विचारले. साहेबांनी ती माहिती बाद केली. म्हणाले, घराबाहेर घेतलेली चालत नाही. मग दुसरी माणसं पाठवून शेजारच्या घरांची माहिती भरून घेतली.

अहवालात गाव निरोगी ठरलं. नळ दुसरीकडे गेले. शुक्री हिवाळ्याआधीच गेला.

आम्ही समाचाराला गेलो तेव्हा नईमाने रावहियाचा हात धरला. "ते लोक आले तेव्हा मी म्हटलं, मला काही होत नाही. म्हणून पाणी नाही आलं का गं?"

रावहियाने तिचा हात सोडला नाही.

पुढच्या पाहणीला तिला बोलावणं आलं नाही. आता ती तांता शहरात भावाच्या दुकानात कापड विकते. मी म्हटलं, "परत विचारून तरी बघ."

"कशाला? नवी बाई ठेवलीय त्यांनी. कुलूप दिसलं की शेजारी शिरते. साहेब खूश आहेत."