चिखल्याची नोकरी आणि माय

मायवर मी लिहावं, एवढा काही मी लिहिणारा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच मी. आणि छापून यावं असं तिनं काय केलं, असं कोणी विचारलं तर धड सांगताही येणार नाही. बाबांच्या मागं करडी गावातली धानाची शेती एकटीनं केली, एवढंच. तेव्हा वाचकांनी आधीच माफ करावं. तिला जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे तिच्या आजारपणाचं बोलतात. मला मात्र राहून राहून दोन वर्षांपूर्वीचा तो आठवडा आठवतो... आणि आठवला की दुःख बाजूला राहतं, तेव्हासारखीच धडधड सुरू होते.

लाखांदूरच्या माझ्या मामांची मुलगी शालू नर्सिंग पास झाली आणि चिखल्याच्या खाणीवरच्या दवाखान्यात तिला पहिली नोकरी चालून आली. अट मोठी होती. तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, तिथल्याच खोलीत राहायचं, आणि तोवर लग्न करायचं नाही. सोमवारपर्यंत होकार द्यायचा होता. आमच्याकडे भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून देण्याची रीत. शालू पाळण्यात होती तेव्हाच मायनं तिला माझ्यासाठी मागून ठेवलं होतं, मामांनी शब्द दिला होता. त्यामुळे मामा अडून बसले, बाई, म्हणजे माझी माय, हो म्हणेल तरच कागदावर सही. शालूचं सगळं शिक्षण येऊन मायच्या एका होकारावर थांबलं.

लाखांदूरला जाताना माय भंडाऱ्याला एसटी बदलायला उतरली. मी हॉस्टेलवरून स्टँडवर धावत गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती समोर दिसली आणि एकही आठवेना. मांडीवर चिन्नोर तांदळाची पिशवी धरून ती बाकावर बसली होती. तिनंच विचारलं, "तुले काय वाटते?"

"जाऊ दे ना तिले," मी कसंबसं म्हणालो.

"अबे, लगन नाही झालं अन् आताच परवानगी देऊन राहिला?" शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी कानापर्यंत लाल झालो. माय मात्र गंभीर झाली. "तिले कोणी विचारलं का?" म्हणाली. तेवढ्यात गाडी लागली. परतताना थांबून सांगते, असं ती खिडकीतून म्हणाली.

रविवारी लाखांदूरहून आलेली एकेक गाडी मी पाहिली. माय नव्हती. सोमवारी सहामाहीचा पेपर होता. काय लिहिलं, मला ठाऊक नाही. मुदत संपली, तरी काही कळेना. मंगळवारी पेपर सुटला, तर हॉस्टेलच्या फाटकाशी मामा एकटेच उभे. मी धावतच त्यांना गाठलं.

त्यांनी सांगितलं ते असं. बाई आडवी येणार, हे मामीनं शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं होतं. मायनं पाणी प्यायलं आणि शालूला समोर बसवून विचारलं. जायचंय, शालू म्हणाली, पण खाणीत सुरुंग उडाले की घरं हादरतात म्हणे, एकटीला भीती वाटते. माय म्हणाली, "तुह्या लग्नाचा शब्द मी भावाले मागतला होता. आता तो तुह्यापाशी. तीन वर्षांनी वाटलं तर दे, नाही तर नको देऊ." मामा हे सांगताना दुसरीकडे पाहत होते.

"म्हणजे सही झाली?" मी विचारलं.

"झाली ना बे."

"मग माय कुठी आहे?"

"चिखल्याले. काल तू पेपरात होता, तवाच इथून गेल्या दोघी. पोरीले करमेपर्यंत तिथंच राहीन म्हणते." मामांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. "म्हटलं, बाई, धान उभं आहे, कापीन कोण? तर म्हणते, तुम्ही मामा-भाचे कापा."