दुलानचा वार

बायडाबाईच्या घरात शुक्रवारी कोंबडी शिजत नसे. बकरंही नाही. पण सुकट चालायचं, बोंबील चालायचे, पावसाळ्यात खाचरात सापडलेली मासळी आणि खेकडेसुद्धा चालायचे. असल्या अर्धवट उपासाला त्या घरात ‘दुलान’ म्हणत. सगळ्या घाटघर गावात दुसऱ्या कुणाकडे दुलान नव्हता, आणि तो कुठल्या देवाचा हे बायडाबाईलाही ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन आली त्या वर्षी तिने सासूला विचारलं होतं. सासू सोनीबाई तोंडाची फटकळ. “धरायचा म्हंजे धरायचा. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगते,” एवढ्यावर विषय मिटला. पुढे सोनीबाईने अंथरूण धरलं, तेव्हा तिने सुनेचा हात घट्ट पकडून जमिनीचं सांगितलं नाही, सोन्याचं सांगितलं नाही (सोनं होतं कुठे म्हणा), फक्त दुलान मोडू नको म्हणाली. बायडाबाईने मान हलवली. त्याला बावीस वर्षं झाली.

गावाने चेष्टा करायची ती केलीच. भावकीतली भागू तर दर लग्नात पंगतीत ओरडायची, “बायडे, आज कोन वार गं? तुझ्या देवाला कोंबडीचा विटाळ आन् बोंबलाचा न्हाई व्हय?” बायडाबाई हसून वेळ मारून नेई. भाताची लावणी, नाचणी, नवऱ्याचं अकाली जाणं, पोराला शिकवून चाकणला कंपनीत चिकटवणं, या सगळ्यात तिने पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या. दुलान तेवढा सुटला नव्हता.

पण आता तो सुटायची वेळ आली होती, आणि आणली होती घरातल्याच माणसाने. सून मंगल हुशार. नाणेघाट बघायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना ती घरी जेवण करून घाली. तिच्या हातची भाकरी अन् ठेचा खाऊन गेलेली पोरं पुढच्या वेळी चार दोस्त घेऊन येत. आता ही मंडळी उतरणार शुक्रवारी संध्याकाळी आणि येता येता फोनवर विचारणार, काकू, गावठी कोंबडी मिळेल का? मंगल नाही म्हणाली की ती शेजारी जात. सहा महिने तिने कळ काढली. मग एके दिवशी सरळ विचारलं, “आत्या, कारन सांगा. एक कारन सांगितलं तर मी जल्मभर धरीन. पन तुमालाच ठाव न्हाई, तर मी कशापायी धरू?”

बायडाबाईला मंगलचं पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच जास्त वाईट वाटलं. येत्या शुक्रवारपासून कर, असं ती म्हणाली. त्या शुक्रवारी सकाळी मंगलने तांबडा कोंबडा डालग्याखाली झाकला, तेव्हा बायडाबाई पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. सोनीबाईने धरलेला हात तिला सारखा आठवत होता.

तेवढ्यात ऋषी आला. डिंगोऱ्याचा हा पोरगा जुन्नरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो आणि सुट्टीला घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं डोकं खातो. त्याने चहा घेतला आणि मोबाईलमधला एक कागद उघडला.

“मावशी, ऑस्ट्रेलियातून एका आजीबाईंचं पत्र आलंय. नोरा नाव, वय एक्क्याऐंशी. त्यांचा खापरपणजा आयर्लंडचा. दीडशे वर्षांमागं इथं जंगलाची मोजणी करायला आलेला, आन् घाटमाथ्यावरच्या कॅम्पात तापानं गेला. मी समदी दप्तरं चाळली. काय घावत न्हाई.”

“मग आता काय पायजे तिला?”

“त्यानं धर्म सोडला की न्हाई, एवढंच पायजे.”

ऋषीने समजावून सांगितलं. आयरिश लोक कॅथलिक, राज्य करणारे इंग्रज दुसऱ्या पंथाचे. बढतीसाठी हा साहेबांच्या पंथात गेला अशी आवई तिकडे आयर्लंडात त्याच्या गावी उठली. आईने ती खरी मानली आणि घरच्या बायबलच्या पोथीत लेकरांची नावं लिहिली होती त्यातून याचं नाव शाईने खोडून टाकलं. ती पोथी आता नोराबाईंकडे आहे. नाव पुन्हा लिहायचं की नाही, हे त्यांना मरायच्या आत ठरवायचं होतं.

“आडनाव डूलन. कुणा जुन्या मानसाच्या तोंडी डूलनसाहेब, दुलानसाहेब असं कधी ऐकलंय?”

बायडाबाई सुपातले खडे वेचीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “दुलान मानूस न्हाई, भाऊ. दुलान वार हाय.”

“म्हंजे?”

“शुक्रवार. आमच्यात शुक्रवारी वशाट चालत न्हाई. म्हंजे मासळी चालती. कोंबडं-बकरं न्हाई.”

ऋषीने हातातला कप खाली ठेवला. त्याने आणखी चार प्रश्न विचारले. कुणी सुरू केलं? बायडाबाईला एवढंच माहीत होतं की नवऱ्याचा कुणी पूर्वज होता, जानकू नावाचा, तो गोऱ्याच्या तंबूत रांधायला होता, आणि दुलान त्याच्यापासून चालत आला. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. पण रांधणारा आणि उपास या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या.

घाटघरात रेंज मिळते ती आंब्याखालच्या एका कातळावर. बायडाबाईला तिथे नेऊन ऋषीने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई आली. ऋषी इंग्रजीत बोलत गेला, ती ऐकत गेली. मग तिने मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारला.

“त्या विचारत्यात, मासे चालतात हे नक्की का?”

“चालतात. माझी सासू शुक्रवारी खेकड्याचं कालवन करायची,” बायडाबाई म्हणाली.

ते ऐकून नोराबाईंनी तोंडावर हात धरला आणि त्या रडायला लागल्या. बायडाबाईला काहीच कळेना, पण तिचेही डोळे भरून आले. मग डोळे पुसून नोराबाई बोलल्या आणि ऋषीने सांगितलं. येशू शुक्रवारी गेला, म्हणून कॅथलिक माणूस शुक्रवारी मांस खात नसे, मासे चालत. इंग्रजांच्या पंथात कुणी ही सक्ती केली नसती. रानात, जिथे बघायला ना आई होती ना पाद्री, तिथे डूलनने शुक्रवार पाळला होता, आणि इतका नेमाने पाळला होता की स्वयंपाक्याने त्या दिवसाला त्याचंच नाव दिलं.

“आन् आता त्येंच्यात कोन धरतं?” बायडाबाईने विचारलं.

ऋषीने विचारलं. नोराबाई ओशाळून हसल्या. “त्या म्हनत्यात, आई धरायची. आमी पन्नास वर्षांमागंच सोडलं. देवळानंच ढील दिली. आता घरात कोनी न्हाई. तुमीच राहिलाय. आन् म्हनत्यात, तुमालाबी आता सोडायला हरकत न्हाई. लई उपकार झाले.”

घरी येताना बायडाबाईला प्रथम फसवल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं पाळलं ते आपल्या देवाचं नव्हतं, परक्या मुलखातल्या, परक्या माणसाचं होतं. मग तिच्या डोळ्यांपुढे जानकू आला. मालक कोरडं खातोय आणि आपण त्याच्यापुढे कोंबडी कशी ओरपायची, म्हणून त्यानेही पानात घेतली नसणार. मालक मेला, तरी पुढच्या शुक्रवारी याच्या गळ्याखाली तो घास उतरला नसणार. देव कुणाचा का असेना, माणूस जानकूच्या ओळखीचा होता. हे तिला कळत होतं, कारण नवरा गेल्यापासून त्याच्या आवडीची अळूची भाजी तिनेही केली नव्हती.

पडवीत मंगल उभी होती. बायडाबाईने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी आता सोडायला हरकत नाही हेसुद्धा.

“कारन मागितलं व्हतंस, ते हे असं हाय. मोठं काय न्हाई. सासूनं मला हात धरून बांधलं. मी तुला बांधनार न्हाई. कोंबडा तुझा, चूल तुझी.”

डालग्यातला कोंबडा फडफडत होता. बायडाबाई पुन्हा तांदळाचं सूप घेऊन बसली, पण तिला खडा काही दिसेना.

दुपार कलल्यावर मंगल रेंज पकडायला कातळावर गेली. फोन लागला. सहा पोरं येणार होती, जुन्नरपर्यंत पोचली होती, आणि त्यांना कोंबडीच हवी होती. वाऱ्यावर तिचा आवाज घरापर्यंत येत होता, आणि बायडाबाई हातातलं सूप तसंच धरून ऐकत होती.

“कोंबडी उद्या करते, भाऊ. आज दुलान हाय,” मंगल म्हणाली. “सुकट चालंल का?”

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

“देव न्हाई वो,” ती म्हणाली. “आमच्या घरातलाच एक मानूस व्हता.”